लेकीकडे चार महिने निघालात? आधी गाडीची सोय लावा

पहिल्यांदा कॅनडाला लेकीकडे गेले तेव्हा घराची आवराआवर अगदी चोख केली होती. गॅस बंद, पाण्याचा मेन कॉक बंद, दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला निरोप, तुळशीला पाणी घालायचं काम शेजारच्या वहिनींकडे. गाडीचं काय केलं? धुतली, वर प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, हँडब्रेक खच्चून ओढला आणि चावी देव्हाऱ्याच्या खणात ठेवून दिली.

नोव्हेंबरच्या शेवटी गेले, मार्चच्या अखेरीस परतले. चावी फिरवली तर गाडी ढिम्म, साधा टकटक आवाजसुद्धा नाही. बॅटरी बदलली, तेव्हा सेल्फ लागला पण डॅशबोर्डवर दिवाळी, होते नव्हते ते सगळे लाल-पिवळे दिवे पेटलेले. बोनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्यात कागदाच्या चिंध्यांचं घरटं, शेजारी शेंगांची टरफलं, आणि वायरिंगच्या जागी तांब्याच्या उघड्या तारा. हे निस्तरून गाडी पुढे घ्यायला गेले तर मागची चाकं हलायला तयार नाहीत. गॅरेजवाल्यानं सगळं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "काकू, उंदराला बंगला तुम्हीच बांधून दिलात." बिल पाच आकडी झालं.

त्यानंतरही मी हिवाळ्यात गेले आहे आणि आल्याबरोबर गाडी काढून भाजीला गेले आहे. मधल्या काळात जे शिकले ते इथे, ज्या क्रमाने करायचं त्या क्रमाने लिहिते. नव्यानेच गाडी चालवायला लागलेल्यांनाही जमेल असंच आहे. हाताशी १० नंबरचा पाना, टायरची हवा मोजायचं मीटर, दोन लाकडी ठोकळे आणि बॅटरीचे व्होल्ट मोजायला एक मल्टिमीटर असला की झालं.

आधी एक गैरसमज काढून टाका

लेकीच्या शेजारी एक आजोबा राहतात. त्यांची एक जुनी, हौसेची गाडी आहे. नोव्हेंबर आला की ते तिला गॅरेजात झोपवतात, ती एप्रिलमध्येच उठते. मी त्यांचा सगळा सोहळा एकदा बघत बसले होते. बॅटरी काढून घरात नेली, कारण अर्धी उतरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीत चक्क गोठून फुटते. कूलंटमधलं अँटिफ्रीझ किती आहे ते मोजलं, कारण नुसतं पाणी असेल तर ते गोठताना इंजिनाला तडा देतं. गाडीचं पोट खालून धुऊन काढलं, कारण तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ पत्रा खातं. रोजच्या गाडीला हिवाळ्याचे वेगळे टायर. क्यूबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च ते कायद्यानेच सक्तीचे आहेत.

इंटरनेटवर 'विंटर स्टोरेज' शोधलंत तर हेच सगळं सापडेल. नाशिकला त्यातलं निम्मं लागू नाही. आपल्याकडे निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा एक आकडी झाला की पेपरात बातमी येते, द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात, आणि शहरात आपण स्वेटर घालून चहाच्या टपरीवर उभे राहतो. रेडिएटरमधलं पाणी काही गोठत नाही. आपले शत्रू वेगळे. माझ्या अनुभवाने त्यांचा क्रम असा: उंदीर, बॅटरी, जाम होणारे ब्रेक, आणि मग पहाटेचं दव व दुपारची धूळ. खर्चाच्या हिशेबाने उंदीर इतका पुढे आहे की बाकीचे तिघे मिळूनही त्याला गाठू शकत नाहीत.

पंधरा दिवस आधी: कागद आणि गॅरेज

विम्याची तारीख बघा. तुम्ही नसताना पॉलिसी संपत असेल तर आधीच नूतनीकरण करा. "गाडी उभीच तर आहे, आल्यावर बघू" हा विचार महागात पडतो. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांच्या आत ती चालू केली नाही तर साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि तो पाच वर्षं क्लेम न केलेल्यांसाठी ५० टक्क्यांपर्यंत असतो. चार महिने म्हणजे १२० दिवस, हिशेब तुम्हीच करा. शिवाय गाडी रस्त्यावर किंवा कुठल्याही सार्वजनिक जागी उभी असेल तर थर्ड पार्टी विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हवाच. नूतनीकरण करताना एजंटला एक प्रश्न आवर्जून विचारा: उंदरांनी वायरिंग कुरतडलं तर क्लेम मिळतो का? प्रत्येक पॉलिसीत उत्तर वेगळं. 'हो' म्हणाला तर कुठल्या कलमाखाली ते लिहून मागा. पीयूसीची तारीखही त्याच वेळी बघून टाका. गाडीला १५ वर्षं पूर्ण होत आली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण जायच्या आधी मार्गी लावा, परदेशातून ते होत नाही.

सर्व्हिसिंग जवळ आलं असेल तर परत आल्यावर नको, जायच्या आधी करा. वापरलेल्या ऑइलमध्ये जळलेल्या इंधनाची आम्लं आणि ओलावा साठलेला असतो. ते चार महिने इंजिनाच्या आतल्या भागांना चिकटून राहण्यापेक्षा ताजं ऑइल राहिलेलं बरं. मात्र दोन महिन्यांपूर्वीच बदललं असेल तर उगाच खर्च करू नका. कूलंटची पातळी बघा आणि कमी असेल तर कूलंटच घाला. आपल्याकडे बोअरचं पाणी ओतायची सवय आहे, त्याचे क्षार आत थर धरतात. कूलंट आपल्याला थंडीसाठी नाही तर आतून गंज धरू नये म्हणून लागतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर तेही सांगून टाका, ते हवेतला ओलावा ओढून घेतं.

गाडी कुठे ठेवायची

छपराखाली, सपाट, कोरड्या फरशीवर. यातलं 'सपाट' सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण आपण हँडब्रेक लावणार नाही. का, ते पुढे सांगते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उताराची जागा वाट्याला आली असेल तर चार महिन्यांपुरती कुणाशी तरी अदलाबदल करून घ्या. चेअरमनना सांगून ठेवा, नाहीतर रंगकाम निघालं की तुमची गाडी ढकलायला चार जण जमतात.

रस्त्यावर चार महिने ठेवायची वेळ आली तर मी म्हणेन, नातेवाइकांच्या बंगल्यात ठेवा. धुळीने माखलेली, टायर बसलेली गाडी बेवारस वाटते, आणि बेवारस गाडीचं कोण काय करेल सांगता येत नाही. झाडाखाली तर नकोच. पक्ष्यांची विष्ठा रंग खाते, चीक काचेवर वाळला की निघत नाही.

बंगल्याचं गॅरेज असेल तर एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासा. तिथे गावाकडून आलेली कांद्याची गोणी आहे का? गव्हाची कोठी? भुईमुगाच्या शेंगा? रद्दी? माझ्याकडे यातलं सगळं होतं. जेवण, अंथरूण आणि वर टेकायला उबदार इंजिन. उंदराला आणखी काय हवं?

उंदीर: इथे कंजूषपणा नको

उंदीर वायर खातो ते पोट भरायला नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. त्यामुळे 'अमुक वास आला की तो पळतो' यावर फार भरवसा ठेवू नका. तो आत शिरू नये आणि शिरला तरी तिथे राहावंसं वाटू नये, एवढंच आपल्या हातात आहे.

सुरुवात गाडीच्या आतून. सगळ्या सीट पुढे-मागे सरकवून खालून व्हॅक्यूम करून घ्या. बिस्किटाचा चुरा, चिक्कीचे तुकडे, लहान मुलांनी सीटच्या फटीत कोंबलेले कुरमुरे, सगळं काढा. माझ्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये वणीहून आणलेल्या पेढ्यांचा पुडा राहिला होता. देवीचा प्रसाद उंदरांनी वाटून खाल्ला, आणि पुड्याचा कागद एअर फिल्टरमध्ये नेऊन गादी केली. तेव्हा टिश्यू पेपरचा डबा, जुने नकाशे, पावत्या, सुती फडकी, मऊ आणि फाडता येईल असं काहीही आत ठेवू नका. डिक्कीतली जुनी सतरंजीसुद्धा काढा.

मग बोनेट. कोपऱ्यांत अडकलेला पालापाचोळा हाताने काढा. एअर फिल्टरच्या डब्याला हवा जिथून आत जाते त्या नळीच्या तोंडावर पाव इंची भोकांची लोखंडी जाळी तारेने बांधा. यापेक्षा मोठ्या भोकांची घेतलीत तर उंदराची पिल्लं आत शिरतात. जाळी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळते. कुठे बसवायची ते कळत नसेल तर सर्व्हिसिंगच्या दिवशीच मेकॅनिककडून बसवून घ्या, त्याला दहा मिनिटांचं काम. सायलेन्सरच्या तोंडात स्टीलच्या तारेची घासणी कोंबा, भांडी घासायची असते तीच. इंजिन गार झाल्यावर कोंबा, आणि त्याच क्षणी स्टिअरिंगला एक लाल फडकं बांधा: "सायलेन्सर बंद आहे". तुम्ही विसराल. मी विसरले होते, फडक्यानेच वाचवलं.

घरगुती उपायांपैकी तंबाखूची पानं किंवा डांबर गोळ्या बोनेटमध्ये ठेवणारे पुष्कळ आहेत. मी पण ठेवते, पण मुख्य भिस्त त्यांच्यावर नाही. दीड-दोन महिन्यांत डांबर गोळी उडून जाते आणि पुढे तिचा उपयोग शून्य. ठेवायच्याच तर कापडाच्या पुरचुंडीत बांधून बॅटरीच्या बाजूला ठेवा. वायपरच्या खाली जिथून एसीची हवा आत ओढली जाते तिथे नको, आणि गाडीच्या आत तर मुळीच नको. त्या वासाने पुढचे तीन महिने गाडीत बसवत नाही, आणि डोकं दुखतं ते वेगळंच.

आणि विष? घालू नका. विष खाल्लेला उंदीर मरायला कोपरा शोधतो आणि त्याला तुमच्या डॅशबोर्डमागचा कोपरा फार आवडतो. तो वास काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. गॅरेजच्या भिंतीकडेला पिंजरा लावा, आणि तो रोज बघणारं कुणी असेल तरच लावा.

बंद, खासगी गॅरेज असेल तर काही जण बोनेट चार बोटं उघडं ठेवतात. उंदराला अंधार आणि आडोसा लागतो, उघड्यावर तो घर करत नाही. युक्ती खरी आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र करू नका.

बॅटरी

गाडी बंद म्हणजे पूर्ण बंद नसते. घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, चावीची वाट बघणारा रिसीव्हर हे सगळे थोडा थोडा करंट पीत राहतात, साधारण २० ते ५० मिलिअँपिअर. ३० धरा. दिवसाला पाऊण अँपिअर-अवर गेला. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते, म्हणजे कागदावर दीड महिन्यात ती रिकामी. प्रत्यक्षात अर्धी उतरली की सेल्फ मारायला जोर उरत नाही, तेव्हा तीन-चार आठवड्यांतच तुमची गाडी बंद पडलेली असते. तुम्हाला ते फक्त चार महिन्यांनी कळतं. वरून डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर बसवला असेल तर आणखी लवकर. आणि उतरलेल्या अवस्थेत बॅटरी जितकी पडून राहील तितका तिच्या प्लेटवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. मग ती चार्ज केली तरी धरत नाही, नवीनच घ्यावी लागते.

उपाय सोपा: पूर्ण चार्ज करायची आणि तोडून ठेवायची.

'पूर्ण चार्ज' हे शब्द महत्त्वाचे. कॉलेज रोडवरून दोन सिग्नल फिरून आलात म्हणजे ती भरत नाही. निघायच्या एक-दोन दिवस आधी बॅटरीच्या दुकानात रात्रभर चार्जिंगला लावा किंवा घरी स्मार्ट चार्जर असेल तर तो लावा. चार्जर काढून काही तास थांबा आणि मल्टिमीटरने मोजा. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. रात्रभर लावूनही १२.४ च्या वर जात नसेल तर ती म्हातारी झाली आहे. चार महिने तिला जपण्यापेक्षा परत आल्यावर नवीन घ्यायची मनाची तयारी ठेवा.

तोडताना क्रम चुकवू नका. आधी सगळ्या काचा वर, दिवे बंद, चावी बाहेर. डिक्की बटणाने उघडणारी असेल तर तिच्यात काहीही राहिलेलं नाही ना ते बघा, कारण बॅटरी तोडल्यावर ती उघडणार नाही. दरवाजाच्या खऱ्या चावीने, म्हणजे रिमोटमध्ये लपलेल्या लोखंडी पात्याने, ड्रायव्हरचा दरवाजा लागतो-उघडतो का हे आजच तपासा. कित्येकांनी ते पातं कधी बाहेरच काढलेलं नसतं. स्टिरिओला कोड लागत असेल तर तो डायरीत लिहून ठेवा. आता १० नंबरच्या पान्याने आधी काळी, निगेटिव्ह वायर सोडवा. नेहमी निगेटिव्ह आधी. कारण आधी लाल सोडवायला गेलात आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर ठिणग्या उडतात. सुटलेलं टोक कापडात गुंडाळून बाजूला बांधा, म्हणजे ते परत टर्मिनलला टेकणार नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, पेट्रोलियम जेलीचा हात लावा.

ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी बॅटरी तोडायच्या आधी गिअर 'पी'वर आहे याची खात्री करावी. काही गाड्यांत वीज नसली की गिअर तिथून हलत नाही, त्यामुळे गाडी कायमच्या जागी लावूनच मग बॅटरी तोडा.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर मोठी बॅटरी १०० टक्के भरून ठेवू नका, ५०-६० टक्क्यांवर सोडा. पण तिच्यातही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि बंद पडते ती बहुधा तीच. ती तोडायची का, याबद्दल गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. तिथे जे आहे तेच करा, माझं ऐकू नका.

"शेजाऱ्याला चावी दिली आहे, आठवड्याला पाच मिनिटं चालू करतो"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की वेगळा मथळा द्यावासा वाटला. हेतू चांगला, परिणाम उलटा. थंड इंजिन सुरू करायला सेल्फ बॅटरीतून जेवढं ओढतो ते पाच मिनिटांत भरून निघत नाही. इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे जळताना तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये तसंच राहतं. टायर आहे त्याच जागी, ब्रेकही तसेच. म्हणजे दर आठवड्याला थोडी बॅटरी खाल्ली, थोडं पाणी आत सोडलं, आणि शेजाऱ्याला वाटतं आपण पुण्य केलं.

खरंच कुणी चालवणार असेल, दर दोन आठवड्यांनी एकदा, अर्धा-पाऊण तास, तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. मग बॅटरी तोडायचीही गरज नाही. पण त्याला स्पष्ट सांगा: सोमेश्वरपर्यंत जाऊन आलं की पुरत नाही, द्वारका चौकातून महामार्गाला लागून ओझरपर्यंत जाऊन ये. एसी दहा मिनिटं लाव. त्याच्याकडे लायसन्स आहे आणि विमा चालू आहे हे बघून घ्या. असा माणूस नसेल तर चावी द्या पण चालू करायला सांगू नका. आग, गळती, सोसायटीचं काम अशा वेळी गाडी हलवता यावी एवढ्यासाठीच चावी.

टायर आणि ब्रेक

टायर चार महिने एकाच जागी दबून राहिला की त्या जागी चपटा होतो. परत आल्यावर गाडी सुरुवातीला 'धबक धबक' चालते ती त्यामुळे. निघायच्या आदल्या दिवशी चारही टायरमध्ये नेहमीपेक्षा ४-५ पीएसआय हवा जास्त भरा. टायरच्या कडेवर जी कमाल मर्यादा छापलेली असते तिच्यावर जाऊ नका. स्टेपनीतही भरा, तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. कॅनडातल्या आजोबांसारखं गाडी स्टँडवर उचलून ठेवायची आपल्याला गरज नाही. सहा-आठ महिने ठेवणार असाल तर वेगळी गोष्ट.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागच्या चाकांत ड्रम ब्रेक असतील, आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ते असतातच, तर ओलावा आणि धूळ मिळून लायनर ड्रमला चिकटतात. माझी मागची चाकं त्यामुळेच हलेनात. गाडी धुऊन ओली असतानाच हँडब्रेक लावून सोडली होती, म्हणजे चूक दुप्पट. त्यापेक्षा गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि एका चाकाला पुढून व मागून लाकडी ठोकळे लावा. विटा चालतात, पण वीट चार महिन्यांत ओली होऊन फुटलेली मी पाहिली आहे. हँडब्रेकच्या जागी दुसरं फडकं बांधा: "हँडब्रेक सोडलेला आहे". शेजाऱ्यासाठी.

पेट्रोल, डिझेल, सीएनजी

टाकी भरून ठेवा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. टाकीत जागा रिकामी राहिली की हवा राहते, नाशिकच्या थंड रात्री आणि गरम दुपारी यांच्या फरकाने त्या हवेतला ओलावा आत सुटतो. टाकी भरलेली असली की प्रश्नच मिटतो. तीन-चार महिन्यांत पेट्रोल काही कुजत नाही. सहा महिन्यांच्या पुढे जाणार असाल तर फ्युएल स्टॅबिलायझरची बाटली ऑनलाइन मिळते. ती पेट्रोल भरताना घाला आणि मग दहा-बारा किलोमीटर चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोहोचतं. डिझेलवाल्यांनीही टाकी भरावी, डिझेलमध्ये पाणी साठलं की त्यात जीवाणू वाढतात आणि फिल्टर चोंदतो. सीएनजी गाडी शेवटचे काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा.

शेवटचा दिवस

गाडी धुवा, पण दुपारी, आणि नंतर पाच-सात किलोमीटर चालवून आणा म्हणजे ब्रेक सुकतील. त्याच फेरीत एसीचं बटण बंद करून नुसता पंखा पाच मिनिटं जोरात चालवा, आतला ओलावा निघून जातो आणि परत आल्यावर तो कुबट वास येत नाही. आत एका वाटीत लाकडी कोळसा ठेवला तर उत्तम.

कव्हर कापडी, हवा खेळणारं घ्या. प्लॅस्टिकचं कव्हर म्हणजे पहाटेचं दव आत कोंडून दिवसभर वाफवणं, माझ्या छतावर बुरशीचे डाग त्यानेच आले. धुळकट गाडीवर कव्हर घालू नका, वाऱ्याने ते हललं की पॉलिश पेपरसारखं घासतं. वायपरच्या पात्याखाली कापडाची पट्टी सरकवा. मग वर सांगितल्याप्रमाणे ठोकळे, इंजिन गार झाल्यावर सायलेन्सरला घासणी, फडकी, आणि सगळ्यात शेवटी बॅटरी. जाताना चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा.

जूनमध्ये जाऊन ऑक्टोबरात येणार असाल तर हेच सगळं, फक्त ओलाव्याची धास्ती तिप्पट. गोदाकाठी तळघरातलं पार्किंग असेल तर गाडी तिथे ठेवूच नका. नाशिकचा पूर ज्याच्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं हे तुम्ही परदेशातून बातम्यांत बघत बसाल आणि गाडी खाली असेल.

परत आल्यावर

जेट लॅग घालवा, आधी झोपा. मग उजेडात गाडीकडे जा.

कव्हर काढल्यावर गाडीखाली डाग आहेत का बघा. बोनेट उघडा, घरटं, लेंड्या, कुरतडलेली वायर दिसते का ते टॉर्चने शोधा. दिसली तर चावी फिरवू नका, मेकॅनिकला तिथेच बोलवा. नसेल तर जाळी काढा, घासणी काढा, लाल फडकं मगच सोडा. ऑइलची डिपस्टिक, कूलंट, ब्रेक ऑइल, एक नजर. बॅटरीचे व्होल्ट मोजा, मग वायर जोडा. तोडताना निगेटिव्ह आधी होती, जोडताना ती शेवटी.

गिअर न्यूट्रलला आणा, ऑटोमॅटिक 'पी'वरच राहू द्या. चावी 'ऑन'पर्यंत फिरवून दोन-तीन सेकंद थांबा, पेट्रोलचा पंप प्रेशर धरतो. मग सेल्फ. पाच-सात सेकंदांत नाही लागली तर सोडा, अर्धा मिनिट थांबून परत. तिसऱ्यांदाही नाही तर हट्ट करू नका. जम्पर केबल लावायची वेळ आली तर लाल टोकं आधी, दोन्ही बॅटरींच्या पॉझिटिव्हला. काळ्या वायरचं शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या धातूवर, बॅटरीच्या टर्मिनलवर नाही.

चालू झाली की एक-दोन मिनिटांत हळू निघा. ब्रेक दोन-चारदा हलके दाबा, डिस्कवर आलेला तांबूस गंज घासून जातो, खरखर आवाज येईल, घाबरू नका. टायरची धबकधबक पंधरा-वीस किलोमीटरमध्ये गेली पाहिजे. नाही गेली तर टायरवाल्याला दाखवा. जळका वास आला, कुठलाही दिवा पेटून राहिला, तर बाजूला घ्या. वाटेत पंपावर हवा पुन्हा नेहमीची करून घ्या. घड्याळ, काचांचं ऑटो बटण, रेडिओची स्टेशनं हे सगळं नव्याने लावावं लागेल.

आठवडाभराने आणखी एकदा बोनेट उघडून बघा. गाडी पुन्हा रोज तापायला लागली की आजूबाजूच्या उंदरांना ती ऊब कळते, आणि या वेळी जाळी काढलेली असते. मी तर ती जाळी आता कायमचीच बसवून टाकली आहे. दर सर्व्हिसिंगला फिल्टर बदलताना मेकॅनिक ती काढून पुन्हा लावतो, आणि दर वेळी विचारतो, "काकू, यंदा कधी निघणार?"